गढीच्या टोकावरचा पलंग

आमच्या एल्स्पेथवहिनी डॉन नदीकाठच्या गढीत पार टोकावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. जहागीरदार केव्हाच नव्या बंगल्यात गेले आणि कुलपांची, चुलींची, वटवाघळांची राखण या बाईंच्या गळ्यात पडली. आमचा डॉडदादा सुतार. लग्न झाल्यावर त्यानं तिथंच वरच्या खोलीत ओकचा ऐसपैस पलंग केला. कधीतरी तुला खाली घर देईन, असं म्हणायचा. सगळेच नवरे म्हणतात.

पलंग दणकट, पण करकरायचा असा, की खाली दिवाणखान्यात पाहुण्यांना ऐकू जायचं! वहिनी लाजून लाल.

"अहो, ते सांधे जरा सरस घालून चिकटवा की! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नांदताहेत दोघं," दादा मिशीत हसायचा. जन्मभर सरस घातला नाही पठ्ठ्यानं.

मग दादा गेला. वहिनींचे गुडघेही गेले. गेल्या हिवाळ्यात त्या जिन्यावरून घसरल्या, तेव्हा जहागीरदारांनी पायथ्याचं बैठं घर देऊ केलं. वहिनी म्हणाल्या, "पलंग येणार असेल तर येते. नाहीतर मला इथूनच पोहोचवा."

बोलायला काय जातंय! गढी बांधली जहागीरदारांच्या एका पूर्वजानं, दिवाणखान्यापर्यंत चांगला रुंद जिना काढून. त्याच्या नातवाला शेजाऱ्यांपेक्षा उंच व्हायचं होतं. त्यानं वर दोन मजले चढवले आणि पुढचा जिना कोपऱ्यातल्या एका चिंचोळ्या बुरजीतून गरागरा फिरवत नेला. मी गवंडी. या भिंतींना चुना मारण्यात आणि त्या नातवाला शिव्या घालण्यात माझा जन्म गेला. तिथं मी आणि माझी बादली एका वेळी मावत नाही. खिडक्या तर शत्रूचं डोकंही शिरू नये अशाच.

शेवटी मी करवत घेऊन वर गेलो.

"भावजी, आधी माझ्यावर चालवा ती!" वहिनी पलंगावर फतकल मारून बसल्या.

"मग काय, उडत जाणार आहे का तो?"

"यांनी केलाय तो. तुम्हाला लाकडातलं काय कळतंय, दगडफोडे!"

कशीबशी समजूत घालून त्यांना उठवलं. करवत कुठं लावायची ते बघायला गादी उचलली आणि बघतच राहिलो. सरसाचा टिपूस नाही. नुसत्या लाकडी खुंट्या. एक ठोकली, ती अलगद बाहेर आली. लांब बाजूसुद्धा दोन-दोन तुकड्यांत, बरोबर जिन्याच्या वळणातून निघतील अशा.

"वहिनी, दादानं हा खाली न्यायलाच केलाय."

वहिनी एकदम भडकल्या. "म्हणजे जन्मभर माझी अब्रू घालवली ती यासाठी? एका शब्दानं सांगू नये माणसानं?" आणि रडायलाच लागल्या. "विसरले नव्हते हो हे!"

मी करवत बाजूला ठेवली आणि पुढची खुंटी ठोकली.

संध्याकाळपर्यंत पलंग खालच्या घरात उभा राहिला. परवा चहाला गेलो होतो. ओट्सच्या भाकरीला लोणी लावता लावता म्हटलं, "वहिनी, आता मुक्काम कायमचा. सरस घालून देऊ? करकर थांबेल."

"हात तर लावून बघा!" वहिनी म्हणाल्या. "मग मला झोप कशी लागेल?"