फळ्यावरचे मोठे अक्षर

“साहेबांनी चूक दाखवली, तरी ठोसर गुरुजी गप्पच. त्यायले इंग्रजी येतच नव्हतं.” जठारपेठेतल्या स्नेहमेळाव्यात वामनने हे सांगितले आणि आमचे सारे वर्गमित्र हसले. मला हे साफ अमान्य आहे.

घरी आलो, तेव्हा नातीच्या पाटीवरून खडूचा वास आला आणि भातकुलीच्या शाळेतला तो वर्ग समोर उभा राहिला. फळ्यावर ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे इंग्रजी वाक्य होते आणि त्यात ‘ईस्ट’चे पहिले अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल होते. तपासणीचे साहेब म्हणाले, “दिशेला मोठे अक्षर? हेच शिकवता?” गुरुजींनी मान खाली घातली आणि शेरा स्वतःच्या नावावर घेतला.

आदल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, “नुसत्या दिशेले लहान अक्षर, मुलखाचं नाव असलं तरच मोठं.” मी अडून बसलो होतो, “गुरुजी, उगवतीले आमी रोज हात जोडतो, तिले लहान कावून?” तेव्हा हाच वामन खिदळला होता.

वामन एवढेच विसरतो की गुरुजींचा उजवा हात त्या महिन्यात प्लास्टरमध्ये होता. ते वाक्य फळ्यावर मी लिहिले होते.