छापून न देणारे आबा

उभ्या खानदेशातल्या भिंती माझ्या ओळखीच्या आबांइतक्या कुणालाच ठाऊक नसतील. नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव-गाव विचारतो. आबा आधी त्याच्या घराची भिंत आठवत. "अमळनेरचे ना तुम्ही? बसस्टँडच्या मागे, उगवतीकडे तोंड, चुन्याची भिंत. हां, हां, चांगली माणसं." कुणाच्या दुखवट्याला गेले तरी चार शब्द बोलून झाल्यावर त्यांची नजर समोरच्या भिंतीवर चढायची आणि मनातल्या मनात तिथे काहीतरी डकवून यायची. माझ्यासाठी मुलगी बघायला एरंडोलला गेलो, तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना सोबत घेतलं होतं, कारण शहरातल्या लोकांसमोर काय बोलायचं हे वडिलांना समजत नसे. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळ्यांचं सगळं विचारून झालं, आबा मात्र गप्प. शेवटी वडिलांनीच विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं?" आबा म्हणाले, "कंपाउंडला बाहेरून एक खिळा नाही की एक पोपडा नाही. घर सरळ आहे. करून टाका." करून टाकलं. बायको अजून म्हणते, "मला कुठे पसंत केलं? आमच्या कंपाउंडला केलं."

हे आबा आणि त्यांच्या थोरल्या बहीण अक्का, दोघं मिळून पिंप्राळ्यात एक छापघर चालवत. पाटीवर काहीतरी लांबलचक सांस्कृतिक नाव होतं, पण रिक्षावाल्यांना 'छापघर' म्हटलं की पुरे. एका डाळमिलचं जुनं गोडाऊन होतं ते. मिलच्या म्हाताऱ्या मालकांनी "चालतंय तोवर चालवा" म्हणून नुसत्या शब्दावर दिलेलं. आत शिरलं की आधी तुरीचा वास यायचा, मग शाईचा, आणि मग अक्कांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा. आबा पूर्वी धुळ्याकडे एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलांनी पानं-फुलं काढण्याऐवजी गावच्या सुकलेल्या हापशाचं चित्र काढून ते पंचायतीच्या दाराला चिकटवलं, म्हणून मुख्याध्यापकांनी जाब विचारला. आबांनी चित्र कसं सुधारता आलं असतं ते सांगितलं, आणि नोकरी सोडली. अक्का लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, त्यांनी भावाबरोबर ट्रंक उचलली. ऐंशीच्या दशकात मी रावेरकडच्या खेड्यातून कॉलेजला जळगावात आलो आणि गोडाऊनच्या मागची खोली भाड्याने घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आबा पहिल्या दिवसापासून मला "काय बी.ए.?" म्हणून हाक मारत. मी म्हणायचो, "आबा, अजून पहिलं वर्ष आहे." ते म्हणत, "मग काय, पहिल्या वर्षाला नावाने हाक मारू का?"

तिथली छपाई साधी होती. लाकडी चौकटीवर जाळीचं कापड ताणलेलं, त्यावर कापून चिकटवलेला आकार, वर शाई ओतायची आणि रबराची पट्टी दाबून आपल्याकडे ओढायची. खालच्या कागदावर चित्र उतरतं. पण आबांचा एक हट्ट होता. ते कुणाला काही छापून देत नसत. "आम्ही छापून देत नाही, छापायला देतो," असं ते आल्या माणसाला सांगत आणि त्याच्या हातात पट्टी देत. दारूबंदीवाल्या बायका, शिरपूरच्या वरच्या पाड्यांतून जमिनीच्या मोर्चासाठी आलेले भाऊ, कबड्डीच्या सामन्यांची पोरं, सगळ्यांनी आपलं चित्र आपण काढायचं, आपण कापायचं, आपण ओढायचं. एकदा एक पुढारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आला. निवडणुकीला उभा होता. "पाचशे काढून ठेवा, माणूस पाठवतो," म्हणाला. आबांनी त्याला एप्रन दिला. बिचारा तासभर पट्टी ओढत होता. प्रत्येक पोस्टरवर त्याचा डावा डोळा निराळ्या जागी आला. "असू द्या," आबा म्हणाले, "लोकांना वाटेल सगळीकडे लक्ष आहे." तो पडला, पण पुढे दर रविवारी येऊन गणपती नाहीतर बैलजोडी छापत बसायचा. राजकारणात इतका आनंद नव्हता, असं तो स्वतःच सांगे.

अक्कांचा कारभार वेगळा. छापायला आलेला माणूस जेवल्याशिवाय जायचा नाही, हा त्यांचा हट्ट. भाकरीचं पीठ आणि पोस्टर चिकटवायच्या खळीचा मैदा शेजारी शेजारच्या डब्यांत. वाढताना त्या डब्याकडे एकदा बघून घेत आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे. उन्हाळ्यात त्यांचे उडदाचे पापड आणि ओली पोस्टरं एकाच खाटेवर वाळत. एका वर्षी वारा सुटला, पोस्टर पापडांवर उलटलं, आणि दारूबंदीची घोषणा पापडांवर उमटली. फेकायचे कसे? तळले. अक्का म्हणाल्या, "खाय रे, मुका बस. कोनी पीत व्हई त्ये सुधरी जाई." जेवायला बसलेल्यांपैकी एकाने खरंच पुढे सोडली, पण ती पापडाने की त्याच्या बायकोने, हे ठरलं नाही.

बहीण-भावाची भांडणं अहिराणीत चालत आणि आम्हाला त्यांतली निम्मी कळत. सर्वांत जुनं भांडण खळीचं. पोस्टर टिकावं म्हणून खळीत मोरचूद घालतात. मग कीड लागत नाही आणि जनावर तोंड लावत नाही. अक्का दरवेळी म्हणायच्या, "मोरचूद टाक त्यामा, टिकी ऱ्हाई." आबांचं उत्तर ठरलेलं, "आनि बकरी चाटी आनि मरी गई, मंग?" पिंप्राळ्यात तेव्हा घरोघरी बकऱ्या. त्यांना खळ फार आवडते. त्यामुळे आबांचं कुठलंही पोस्टर आठवडाभरात बकरीच्या मानेइतकं खालून कमी व्हायचं. मजकूर कसा लिहावा याबद्दल ते मला सांगत, "बी.ए., महत्त्वाचं वर घ्या. खालचं बकरीचं."

आणखी एक नियम होता, आणि त्याने शेवटी घात केला. छापलेल्या कागदातली एकही प्रत छापघरात ठेवायची नाही. सगळ्या भिंतीवर गेल्या पाहिजेत, उरल्या तर ज्याने ओढल्या त्याच्या घरी. "पोस्टर पेटीत ठेवायचं म्हणजे पाहुण्याला दाराआड बसवायचं," ते म्हणत. मी पास झालो तेव्हा आबांनी माझ्या वडिलांना गावाहून बोलावून घेतलं. वडील दुसऱ्यांच्या केळीत मजुरी करत. अक्षराशी त्यांचा संबंध अंगठ्यापुरता. आबांनी माझ्या नावाची मोठी अक्षरं कापून ठेवली होती. वडिलांच्या हातात पट्टी दिली आणि म्हणाले, "भाऊ, जोर लावू नका, नुसतं घरी परत आल्यासारखं ओढा." वडिलांनी ओढली. चौकट उचलली तर खाली माझं नाव, आणि पुढे बी.ए. ते काय लिहिलंय हे त्यांना वाचून दाखवावं लागलं, पण नंतरची सगळी पोस्टरं त्यांनीच ओढली, कुणाला हात लावू दिला नाही. ती चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंत लागली. त्यातली एकही आज माझ्याकडे नाही. वडीलही नाहीत. नियम तेव्हा किती थोर वाटला होता.

मी नोकरीला लागलो, शहरातच राहिलो, संध्याकाळी छापघरात जाणं सुटलं नाही. नव्वदच्या दशकात मिलचे म्हातारे मालक वारले. मुलांना गोडाऊन पाइप ठेवायला हवं होतं. त्यांनी तसं नीट, हात जोडून सांगितलं. मुंबईच्या एका कलासंस्थेला छापघराची माहिती कुणीतरी दिली होती. त्यांची दोन माणसं बघायला येणार होती. काम पटलं तर संस्थाच ते गोडाऊन मुलांकडून घेऊन छापघराच्या नावाने करणार होती. छापघर राहणार की जाणार, ते त्या एका भेटीवर होतं. आणि दाखवायला आमच्याकडे चौकटी, शाईचे डबे आणि अक्का, एवढंच होतं.

अक्कांनी कंबर कसली. एसटीच्या कंडक्टरांबरोबर गावोगाव निरोप गेले. मग माणसं येऊ लागली. कुणी ट्रंकेच्या तळाला अंथरलेलं पोस्टर आणलं, कुणी मुलाच्या पुस्तकाचं कव्हर सोडवून आणलं, पाड्यावरच्या एका मास्तरांनी शाळेच्या कपाटाचं दार झाकणारं आणलं. तो पुढारीही आपला एक डोळा कपाळावर असलेला कागद घेऊन आला. अक्का एकेक कागद ओल्या फडक्याने पुसून, कपड्याखाली इस्त्री करून गादीखाली ठेवत. भेटीच्या आदल्या दिवशी शिरपूरला आणखी एक गठ्ठा आहे असं कळलं, तो आणायला त्या स्वतः गेल्या. जाताना आबांकडे बघून मला म्हणाल्या, "याच्यावर लक्ष ठेव." मी दिवसभर ऑफिसात होतो. लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हे मला तरी कुठे कळलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या आधी म्हणून मी लवकर गेलो. रिक्षा बसथांब्याजवळ आली आणि मला भिंती दिसल्या. आबांनी सगळी, गादीखालची यच्चयावत पोस्टरं थांब्यापासून गोडाऊनपर्यंत गल्लीच्या दोन्ही बाजूंना चिकटवली होती. आणि गल्लीतल्या बकऱ्या पहाटेपासून कामाला लागल्या होत्या. काही तर पुढचे पाय भिंतीला टेकून उभ्या. वर हातभर पट्टे तेवढे उरले होते. कुठे झेंड्याचं टोक, कुठे बाईचा पदर, कुठे 'जमीन' एवढाच शब्द.

"आबा, हे काय केलंत?"

"अहो, माणसं लांबून येणार. गादीखाली दाखवायचं का त्यांना? बिचारी इतक्या वर्षांनी परत आली, आणि आपण कोंडून ठेवली. मला बघवेना." मग भिंतीकडे बघून हळूच म्हणाले, "जरा वर लावायला हवी होती. शिडी मोडलेली आहे."

पाहुणे आले. एक गृहस्थ आणि चष्मा लावलेल्या एक बाई. आबांनी त्यांना गल्लीतून अशा थाटात नेलं की जणू सगळं जागच्या जागी आहे. "इथे खाली विहीर होती. या बाईंनी स्वतः कापलेली. इथे तीस माणसं चालत होती, त्यांचे हे फक्त झेंडे राहिलेत. ती बकरी दिसतेय ना, तिच्या पोटात आमचा साक्षरतेचा वर्ग आहे." बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"मूळ प्रती कुठे आहेत, आबा?"

"ह्याच."

"यांचे फोटो? काही ठेवलेलं?"

"भिंतीला ठेवलं होतं की."

मी ओलं फडकं घेऊन उरलेले पट्टे सोडवायला गेलो. अक्कांच्या खळीने पकडलेला कागद भिंतीचा रंग घेऊन निघत होता. तेवढ्यात शिरपूरची गाडी थांब्याला लागली आणि अक्का गठ्ठा काखेत धरून उतरल्या. त्यांनी उजवीकडची भिंत पाहिली, डावीकडची पाहिली. मला वाटलं आता अख्खी गल्ली ऐकेल. त्या आबांजवळ आल्या. "तुना डोकामा काय शे रे?" एवढंच, तेही इतक्या खालच्या आवाजात की पाहुण्यांना वाटलं चहाचं विचारताहेत. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "चला, भाकर खाई ल्या."

बाईंनी भाकरी खाल्ली, पट्टीही ओढून पाहिली, अक्कांच्या गठ्ठ्यात चारच पोस्टरं निघाली, ती पुन्हा पुन्हा बघितली. वाईट माणसं नव्हती ती. रिक्षात बसताना म्हणाल्या, "आबा, मला समजलं. पण मला वर जाऊन काहीतरी दाखवावं लागतं हो. चार कागदांवर कसं सांगू?" आबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि त्यांना बसायला नीट जागा आहे ना ते वाकून बघितलं.

दिवाळीआधी गोडाऊन रिकामं झालं. आबांनी चौकटी आल्या-गेल्याला वाटून टाकल्या. पिंप्राळ्यात नंतर पुष्कळ वर्षं त्या दिसायच्या. कुणी खिडकीला डासांसाठी लावलेली, कुणी तिच्यावर शेवया वाळवणारी. दोघं बहीण-भाऊ धुळ्याला देवपुरात पुतण्याकडे राहायला गेले. मी बायको-मुलीला घेऊन जायचो, पण वर्षातून एकदा, फार तर दोनदा. नोकरी, घर, मुलीची शाळा, कारणं सगळी खरी होती.

शेवटचं गेलो तेव्हा आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. समोर नव्या कॉलनीची लांबलचक, कोरी भिंत, आणि तिच्यावर लिहिलेलं, येथे जाहिराती लावू नयेत. "अक्षर बरं आहे," आबा म्हणाले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. अक्का खाली बसून माझ्या मुलीची वेणी घालत होत्या. मधेच आबांनी, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, एकेक ठेवाले पाहिजे व्हतं का वं आपन? छापघर ऱ्हातं?"

 सगळी पोस्टरं शाबूत असती तर बाईंनी छापघर वाचवलं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"नही रे," अक्का लगेच म्हणाल्या. "त्यासनं पयलेच ठरेल व्हतं. नुसता देखाले येल व्हतात ते." आणि मान वर न करता त्यांनी माझ्या मुलीच्या वेणीचा पुढचा पेड घातला, इतका घट्ट की ती "आई गं" म्हणाली.

 आबांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "मंग ठीक शे."