बकल तुटलेलं नव्हतं

स्मरणिकेसाठी मला दोन पानं मिळाली आहेत. ज्यांना मी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीवर, पोहायला शिकवलं ती मुलं, म्हणजे आता पन्नाशी-साठीला आलेली माणसं, माझ्या पंचाहत्तरीनिमित्त ही स्मरणिका काढताहेत. "सर, समुद्रातला तो प्रसंग तुमच्याच शब्दांत पाहिजे," असा त्यांचा आग्रह आहे. ठीक आहे. माझ्याच शब्दांत घ्या.

त्यांनी मला दाखवलेल्या मुखपृष्ठावर माझा फोटो आहे आणि फोटोखाली ओळ आहे: 'ज्यांच्या हातचा एकही बुडाला नाही'. अंगात आता पूर्वीसारखा जोर नाही, नाहीतर तो कागद फाडला असता.

आमच्या वेळी गंगेवर पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधायचा. मी शाळेत मास्तर होतो; सुट्टीत सकाळी घाटावर उभा राहायचो. डबा बांधला की पोर तरंगतं. चार दिवस, आठ दिवस तरंगतं. मग एके दिवशी शिकवणारा पाण्यातच त्याच्या मागे जातो, "वा, आज काय हात मारतोस!" असं म्हणतो आणि बोलता बोलता गाठ सोडतो. डबा एकीकडे, पोर एकीकडे. पोर दोन घोट पाणी पितं, हातपाय झाडतं आणि वर येतं. काठावर बसलेले टाळ्या वाजवतात. मलाही माझ्या उस्तादांनी असंच सोडलं होतं. गाठ सुटताना पोराला कळू न देण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. सांगून सोडली तर पोर शिकत नाही, हे आमचं शास्त्र. रडणाऱ्या पोरांवर आम्ही हसायचो. त्यातली किती पोरं दुसऱ्या दिवसापासून घाटावर आलीच नाहीत ते कोणी मोजलं नाही. ती स्मरणिका काढत नाहीत.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या या जुन्या पोहणाऱ्यांनी मालवणची सहल काढली. नावेतून बेटं बघायची, डॉल्फिन बघायचे, मग तोंडाला नळी लावून समुद्रात तरंगत खालचे मासे बघायचे. आम्ही बाराजण होतो. त्यात मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. हा माझा मेहुणा निफाडकडचा, द्राक्षबागेतला माणूस. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासून पाण्याला भितो. त्याला मी घाटावर दोनदा बांधून उतरवायला बघितलं, दोन्ही वेळा पळाला. मंडळात त्याची कायम चेष्टा.

"तू कशाला येतोस रे? किनाऱ्यावर वाळूत हात मारणार का?" मीच विचारलं होतं.

"दाजी, मला कासव बघायचंय," तो म्हणाला. "आयुष्यभर देवळात दगडाच्या कासवाला हात लावून आत गेलो. एकदा जिवंत कासव पोहताना बघू द्या."

त्याच्या या वाक्यावर बसमध्ये तासभर विनोद चालले होते. मीही केले.

नावाडी पंचेचाळिशीचा असेल. नाव त्याची स्वतःची. चढताना प्रत्येकाला त्याने स्वतःच्या हाताने जाकीट घातलं, पुढची तिन्ही बकलं लावली आणि पट्टा दोनदा ओढून बघितला. माझ्यापाशी आला तेव्हा मी हात वर केला.

"मला नको. मी गंगेच्या पुरात पोहलेला माणूस आहे."

"पोहला असशात ओ काका. हय समुद्र आसा. जाकीट काढूचा नाय."

"अरे, हे सर आहेत आमचे," कोणीतरी म्हणालं.

"सर शाळेत," तो म्हणाला आणि बकल लावलं.

सगळे हसले. मीही हसलो. हे मी आज लिहितोय कारण माझ्या मते सगळं तिथून सुरू झालं. माझ्या शिष्यांसमोर मला पोरासारखं जाकीट बांधलं गेलं, ते मी विसरलो नाही.

पुढची सगळी सकाळ त्या माणसाला आम्ही छळलं. दुसरा शब्द नाही. डॉल्फिनच्या काळ्या पाठी लांबवर दिसल्या तर आमच्यातला एकजण कपडे काढून उभा राहिला. "जवळ घे, उडी मारतो, त्यांच्याबरोबर पोहतो." नावाड्याने इंजिन बंद केलं. "ते काय म्हशी नाय ओ, पाठीर हात फिरवूक. लांबसून बगा." झालं. "डॉल्फिन दाखवतो म्हणाला आणि पाठी दाखवल्या," हे पालुपद बेटावर पोचेपर्यंत चाललं. वाळूच्या एका लहानशा बेटावर उतरलो, तिथे फोटो, आरडाओरडा. मग खडकांपाशी, जिथे पाण्यात उतरायचं होतं, तिथे एकाने पिशवीतला चिवडा मूठभर समुद्रात फेकला.

नावाडी ओरडला, "ओ, काय करतास? तिखट खातत काय मासे?"

"नाशिकचा आहे, खाऊन तर बघू दे. परत इथला खाणार नाहीत!"

पुन्हा हशा. नावाड्याचा चेहरा मी बघितला होता. तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढं मला आठवतं, म्हणून मला माझाच जास्त राग येतो.

पाण्यात दोघादोघांना न्यायचं होतं. मध्ये मोठी रबरी कडी, दोन बाजूंनी दोन माणसांनी धरायची, तोंड पाण्यात घालायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. नावाडी कडी ओढत नेणार. मी मेहुण्याबरोबर उतरलो. उतरताना तो नावेची कड सोडत नव्हता. नावाडी त्याच्याशी हळू बोलत होता, "मी आसंय मा. हात सोडलात तरी बुडूचा नाय. जाकीट धरता तुमका." दोन-तीनदा मेहुण्याने तोंड वर काढलं, खोकला, शिवी दिली. चौथ्यांदा तोंड घातलं ते घातलं.

मग तो शांत झाला. साठ वर्षांचा माणूस, पाण्याच्या नावाने घाम फुटणारा, पालथा पडून खाली बघत राहिला. थोड्या वेळाने नळीतून त्याचं हसणं ऐकू आलं, भोंग्यासारखं. त्याने कडीवरचा एक हात सोडला आणि खाली बोट दाखवलं. मी बघितलं. खडकाच्या कडेने एक कासव चाललं होतं. घाई नव्हती त्याला. मेहुणा बोट नाचवत होता.

स्मरणिकेसाठी मेहुण्याने लिहून पाठवलं होतं की तो घाबरला होता आणि दाजी त्याला धीर देत होते. त्याला तसंच आठवतं, कारण नंतरच्या भीतीने आधीचं सगळं झाकून टाकलं. पण मी शेजारी होतो. तो घाबरलेला नव्हता. मी ज्याला दोनदा शिकवू शकलो नाही त्याला एका नावाड्याने अर्ध्या तासात पाण्यात रमवलं, ते मला बघवलं नाही.

तेवढ्यात चिवडा फेकणारा, जो पाळी येईपर्यंत नावेचा दोर धरून पाण्यात थांबला होता, तो दोर सोडून खडकावर पाय देऊन उभा राहिला. नावाडी त्याच्याकडे ओरडत पोहत गेला. आम्ही दोघंच राहिलो. मी मेहुण्याच्या जवळ सरकलो आणि त्याच्या छातीखाली हात घातला. वरचं बकल. मधलं. खालचं. अंगठा दाबला की सुटतात, गाठीपेक्षा सोपी. "वा, आज काय तरंगतोस!" असं मी म्हणालोसुद्धा. सवय.

गंगेत सकाळी लाट नसते. इथे लाट आली, जाकीट त्याच्या खांद्यावरून डोक्यावर चढलं, नळीत अडकलं आणि त्याच्या तोंडावर बसलं. तो खाली गेला. मी त्याचे केस धरले. त्याने माझा गळा धरला. पुरात पोहलेला माणूस त्याच्याबरोबर दगडासारखा खाली गेला. माझं स्वतःचं जाकीट होतं म्हणून मी वर आलो, ते जाकीट ज्याने बळजबरीने घातलं त्यानेच येऊन आम्हा दोघांना ओढलं. नावेत घेतलं तेव्हा मेहुण्याचे केस माझ्या मुठीत होते. सगळ्यांनी तेवढंच बघितलं. "सरांनी वाचवलं!"

मेहुणा निळा पडला होता. नावाडी त्याची पाठ दाबत होता, पाणी काढत होता आणि बाकीचे नावाड्यावर ओरडत होते.

"फाटकी जाकिटं देता लोकांना!"

"बकल मी सोता लावलंय," तो मान वर न करता म्हणाला. "दोनदा ओढून बगलंय. असा कसा सुटला?" मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पाण्यात आम्हा दोघांजवळ तिसरं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "बकल सैल होतं. निघतानाच मी बघितलं होतं."

हे ते वाक्य. ते खोटं होतं, हे आजवर तुम्हा कोणाला मी सांगितलेलं नाही.

मेहुण्याला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. बंदर कार्यालयाकडे द्यायचा तक्रारीचा अर्ज मी लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. 'निष्काळजीपणा', 'जीवितास धोका', सगळे शब्द बरोबर जागी. सही मेहुण्याने खाटेवर पडून केली. नावाड्याचा परवाना गेला.

परतीच्या बसमध्ये बायकोने हळूच विचारलं, "अहो, बकल सैल असलेलं निघतानाच बघितलं होतं, तर तेव्हा का नाही बोललात?"

"तू गप्प बस. तुला पाण्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी ती गेली, तोवर तिने पुन्हा विचारलं नाही. मी वाट बघायचो, विचारेल म्हणून.

तेव्हापासून दर हंगामात मेहुण्याकडून द्राक्षांची पेटी येते. पहिल्या तोडीची. "दाजींमुळे जिता हाय," असं तो गावभर सांगतो. मी ती द्राक्षं शेजारीपाजारी वाटून टाकायचो. लोकांना वाटायचं, सर किती उदार.

स्मरणिकेसाठी मेहुण्याने पाठवलेला मजकूर मंडळींनी मला वाचायला दिला. 'नावाड्याच्या सडक्या जाकिटामुळे माझा जीव गेलाच होता.' दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस धरून त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. ओट्यावर बसलो होतो. मला वाटलं अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे बकल चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"अन् त्या कागदावर सही माझी हाय." तो उठला. "मला पाण्यात सोडलं ते सोडलं, दाजी. लहानपणापासून तुमचं तेच चाललंय. पण त्या माणसाचं पोट माझ्या हातानं मारलं तुम्ही. पाच वर्षं मी त्याला शिव्या देतोय, अन् तुम्ही ऐकून घेताय?"

मी म्हणालो, तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहू, आण कागद. त्याने कागद आणला आणि माझ्यासमोरून ओढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. तुमचं अक्षर लय चांगलं हाय."

त्याने स्वतः लिहिला. तासभर लागला. पाकिटात घालून मला म्हणाला, "हा मी टाकतो पोस्टात. तुम्ही आधी त्याच्याकडं जा."

गेलो. नावाडी घर बदलून राहतो. नाव विकली. आता दुसऱ्यांच्या नावांना रंग लावतो. किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या एका नावेपाशी तो सापडला. त्याने मला लगेच ओळखलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला नाही.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "बकल मी लावलेला. तां आपसून सुटत नाय. तुमी सोडलात ह्या त्याच दिवशी कळला. का सोडलात, ह्या पाच वर्सां कळूक नाय."

मी त्याला डबा, गाठ, घाट, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग हसला, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

"पोरांका असा शिकवतास?"

"माफी मागायला आलो आहे."

आता त्याने ब्रश ठेवला. "काका, त्या दिवशी तुमी बारा जणांसमोर बोललात. मगे हापिसात लिवन दिलात. आणि आता माका एकट्याक येऊन सांगतास? माका कित्याक सांगतास? माका तर आधीच म्हायत होता." तो मोठ्याने बोलायला लागला होता, आजूबाजूचे बघायला लागले होते. "त्या बारा जणांका सांगा. लिवन सांगा. छापून येऊ दे. आणि एक प्रत माका धाडा. जेटीर उभा ऱ्हवान वाचून दाखवतलंय."

मी हो म्हणालो. त्याने पुन्हा रंगाचा डबा उचलला. चहापाण्याचं कोणी विचारलं नाही आणि ते योग्यच झालं.

तर ही दोन पानं त्यासाठी आहेत. मंडळींना माझं सांगणं आहे की फोटोखालची ती ओळ काढा. मेहुण्याने आपला मजकूर मागे घेतला आहे, तो छापू नका. यातला एकही शब्द 'सरांचं वय झालं' म्हणून गाळू नका. गाळायचा असेल तर माझा फोटोही काढून टाका, आणि सत्काराला मला घ्यायला गाडी पाठवू नका. तुमच्यापैकी नऊजण त्या नावेत होते. तुम्ही त्याच्यावर ओरडलात, ते माझ्या एका वाक्यावर. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

तक्रार मागे घेण्याचा मेहुण्याचा अर्ज आणि माझा कबुलीचा कागद, दोन्ही बंदर कार्यालयाकडे गेले आहेत. उत्तर आलेलं नाही. यंदा द्राक्षांची पेटीही आलेली नाही.

आता जेटीवर हे ऐकणाऱ्यांसाठी. त्या दिवशी नावेवरची जाकिटं चांगली होती. नावाड्याने तिन्ही बकलं स्वतःच्या हाताने लावली होती आणि दोनदा ओढून बघितली होती. ती मी उघडली. बुडणाऱ्या दोघांना त्याने बाहेर काढलं. त्या दोघांतला एक मी होतो.