लाभ, दोन, तीन

"लाभ!" असं म्हणून ते अंगठ्याने करंगळीचं पेर दाबायचे, पण नजर आभाळातून काढायचे नाहीत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. मला वाटलं, देवाचं नाव घेतात. या गैरसमजापायी मी जो घोळ घातला, तो सांगायलाच बसलो आहे.

ते लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माप घालणारे मापाडी होते. जिल्हा नवा झाला होता आणि मी त्याच सुमारास बदलून आलेला कोकणातला कारकून. दुष्काळामुळे मोंढ्यात धान्य नव्हतं, मापं पालथी पडली होती. मापाडीमामा मात्र रोज संध्याकाळी सायकल काढून गावाबाहेरच्या गायरानावर जायचे. तिथल्या वाळक्या कुसळी गवताला जनावरंही तोंड लावत नसत. पण भोवत्या नावाचे शिकारी पक्षी त्या कुसळीतच रात्रीच्या मुक्कामाला उतरत. ते थंडीत परदेशातून यायचे आणि उन्हं तापली की परत जायचे.

"पाव्हणे हायती. जाताना मोजून वाटंला लावावं," मामा म्हणायचे. माप नसलं की हात शिवशिवतात, हे खरं कारण ते कुणाला सांगत नसत.

त्या फाल्गुनात गायरानावर सरकारी गोदाम बांधायचं ठरलं. मामा तडक कचेरीत आले.

"गोदाम नगं, असं म्हणत न्हाई मी, सायेब. पलीकडं मुरूम हाय, तिथं बांधा. कुसळी गेली तर पाखरं उतरतील कुठं?"

आमचे साहेब हसले. "शंभर पक्षी दाखवा मामा, जागा बदलतो."

"शंभराच्या वर भरतेत. माझं माप हाय!"

संध्याकाळी आम्ही तिघं गायरानावर गेलो. मामा पुकारत होते, मी लिहीत होतो, साहेब जीपला टेकून उभे होते. बेरीज आली त्रेसष्ट. मामांचा चेहरा पार उतरला.

"वाचा बरं, काय लिव्हलंय त्ये."

मी वाचू लागलो. "दोन, तीन, दोन, चार..."

"आन् लाभ कुठं हाय?"

"लाभ म्हणजे?"

"मापात एक म्हणत न्हाईत हो! पहिलं माप म्हंजे लाभ. एकटं पाखरू आलं की मी 'लाभ' म्हणून थांबत होतो. तुमी ती समदी उडवून लावली की!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साहेब कागदावर असेल तेवढंच मानणारे. "लिहिलेलंच धरणार," ते म्हणाले. मामा जीपसमोरून हलले नाहीत. शेवटी साहेबांनी आणखी एक संध्याकाळ दिली.

"वारं फिरलंय," मामा मला हळूच म्हणाले. "पाखरं सकाळी गेली तर गेली." दुसऱ्या दिवशी कचेरीत मी फायलींत कमी नि खिडकीबाहेरच जास्त पाहिलं.

पण संध्याकाळी पक्षी आले! कुसळीला घासत, पंख तिरपे धरून, एकेक, दोन दोन करून आले. "लाभ! लाभ, दोन! लाभ!" मामांचा आवाज भरल्या मोंढ्यातल्यासारखा खणखणीत लागला होता आणि माझी पेन्सिल धावत होती. शंभर कधी ओलांडले ते मलाही कळलं नाही. ऊन विझलं, मामांनी घाम पुसला आणि मी बेरजेला बसलो, तेवढ्यात जीपजवळून आरोळी आली.

"मामा, तिकडे बघा! लाभ!"

साहेब टाचा उंचावून बोट दाखवत होते. तो धरून एकशे एकोणीस झाले. मामांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की पेन्सिल कुसळीत पडली.

गोदाम मुरमावरच झालं. पाऊसपाणी झालं त्या वर्षी तिथलं पहिलं माप मामांनीच घातलं. साहेब मुद्दाम 'लाभ' ऐकायला आले होते.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं निवृत्तीनंतर कोकणात परतणं राहून गेलं. फाल्गुनात मी गायरानावर जातो. परवा बराच वेळ आभाळ रिकामंच होतं. मग पश्चिमेकडून एकटाच एक भोवत्या कुसळीला घासत आला. मी करंगळीचं पेर दाबलं आणि मामांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "लाभ!"