बेसमेंटमधलं बीजिंग

बीजिंग शहर आमच्या काकांइतकं बारकाईने माहीत असलेला माणूस खुद्द बीजिंगमध्येही सापडणार नाही. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते, आत दक्षिणेच्या दारानेच जायचं, उत्तरेकडून बाहेर पडलं की समोरची टेकडी चढायची आणि तिथून राजवाड्याची पिवळी छपरं बघायची, हे सगळं ते अमेरिकेत, एडिसनमधल्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता सांगत. चीनच्या भिंतीवर जायला केबल कार कुठे आहे आणि कुठे नुसत्या पायऱ्या, कुठल्या बागेत पेन्शनर मंडळी सकाळी पत्ते खेळतात, सगळं तोंडपाठ. ते बीजिंगला एकदाही गेलेले नव्हते, ही माहिती मात्र काकू पुरवत, तीही त्यांच्यासमोर.

काका म्हणजे माझे घरमालक. त्यांची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. मी फार बोलत नाही, त्यामुळे त्यांना मी हुशार वाटत असे. तीस वर्षं त्यांनी इथल्या मंडळाच्या गणपतीत नाटकं बसवली होती आणि तालमीशिवाय आयुष्यात काही करायचं नाही, एवढं त्यातून उचललं होतं. नवीन गाडी घेतली तेव्हा ती हायवेवर न्यायच्या आधी दोन रविवार ते गॅरेजमध्येच तीत बसून होते. काकूंच्या सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची तालीम त्यांनी इतकी कडक घेतली, की प्रत्यक्षातला ऑफिसर काकूंना अगदीच गरीब वाटला. घरी येऊन म्हणाल्या, “बिचाऱ्याने मला पाणी विचारलं हो. तुम्ही कधी विचारलंत?”

तीन वर्षांपूर्वी त्यांनी बेसमेंटमध्ये बीजिंग उभारलं. जमिनीवर निळ्या टेपने रस्ते आखले. सोफा म्हणजे तियानआनमेन चौक. पाणी तापवायची टाकी गोल, म्हणून ते टेंपल ऑफ हेवन. वॉशिंग मशीन म्हणजे समर पॅलेस, कारण तिथे तळं आहे. वर येणारा चौदा पायऱ्यांचा जिना म्हणजे भिंत. दर रविवारी काकू पर्स, पाण्याची बाटली आणि भडंगाची पिशवी घेऊन हे शहर फिरत आणि मी दाराशी पासपोर्ट तपासत असे. “जरा कडक हो गं,” काका म्हणत, “तू तर पासपोर्ट परत देताना थँक यू म्हणतेस.” एवढं करून शेवटी काहीतरी चुकायचंच. काकूंनी पासपोर्टऐवजी लायब्ररीचं कार्ड पुढे केलं, की काका टाळी वाजवून सांगत, “कॅन्सल. पुढच्या संडेला परत.”

काकूंना घाई होती. दोन्ही गुडघे बदलायचे होते, ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरची ठरली होती आणि त्याआधी त्यांना भिंतीवरून चालायचं होतं. ऑपरेशननंतर जा की, असं शेजारणीने सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नव्या गुडघ्यांना काय कौतुक त्याचं? हे माझ्याबरोबर इतकी वर्षं ओट्यापाशी उभे राहिलेत. यांना दाखवायचीय मला.”

ऑगस्टमधल्या एका तालमीत त्या नवव्या पायरीवर बसल्या. बराच वेळ बसल्या.

“अहो, ही झाली बेसमेंटची भिंत. खरी कधी?”

“अजून एकच तालीम,” काका यादीकडे बघत म्हणाले, “पासपोर्टचा सीन जमत नाहीये.”

काकू उठल्या. कठडा धरून एकेक पायरी वर गेल्या आणि दार हळूच लावून घेतलं. मी समर पॅलेसमधून माझे धुतलेले कपडे बाहेर काढत होते. लोकांच्या घरातलं मी विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

“काका, तुम्ही तिकीट का काढत नाही?”

ते खाली बसून निळ्या टेपचं सुटलेलं टोक दाबत राहिले. “अडतीस वर्षं प्रत्येक सुट्टीत भारतात गेलो आम्ही. आई होती, नाना होते, मग हिची आई. दुसरीकडे जायला रजा उरायचीच नाही. आणि दर वेळी एअरपोर्टच्या बाहेर कुणी ना कुणी न्यायला आलेलं असायचं. पहिल्या वेळी तर अकरा माणसं आली होती, टेम्पो करून.” मग म्हणाले, “आता तिथेही कुणी येत नाही. आणि या बीजिंगमध्ये, अगं, बाहेर आल्यावर बघायचं कुणाकडे?”

मी फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या एक गाइड शोधली. एअरपोर्टवर नावाचा बोर्ड घेऊन उभी राहते, असं तिच्या पानावर लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं.

“मराठीत लिहील का नाव?”

“विचारते.”

तिचं उत्तर सकाळी आलं. नाव कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा, मी बघून काढते. काकांनी चांगल्या पेनाने नाव लिहिलं, मी फोटो पाठवला आणि काकू देवळातून यायच्या आत सप्टेंबरची दोन तिकिटं निघाली. तालीम न घेता.

त्यांना विमानतळावर सोडून आले आणि चार दिवस घरात फक्त फ्रिजचा आवाज होता. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. केबल कारने वर गेल्या, एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत चालल्या, पाऊण तास लागला, गुडघे खूप दुखले. “पण बघितली गं त्यांनी,” एवढंच म्हणाल्या.

परत आल्यावर काकांनी बघायलाच हव्यात अशा जागांचे साडेचारशे फोटो सगळ्यांना दाखवले. पहिला दर वेळी एकच असे. काचेच्या दारासमोर माझ्याच वयाची चष्मेवाली मुलगी, हातात पुठ्ठा, त्यावर काकांचं आणि काकूंचं नाव. वरची रेघ थोडी वाकडी, पण अक्षर माझ्यापेक्षा बरं. फोटो जरा हललेला आहे. मी काकूंना कारण विचारलं तेव्हा त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “दहाबारा काढले यांनी, सगळे हलले. बाकीची माणसं निघून गेली, तरी ती पोर पुठ्ठा तसाच धरून उभी होती.”