डोरोथीच्या ओढ्यातले गोटे

डोरोथीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवत होते.

"ओढ्यातले गोटे उघडे पडायला लागलेत, हनी. अंडी त्यांच्याखालीच आहेत ना?"

मी डबा तसाच ठेवून निघाले.

आयडाहोमधल्या तिच्या रँचवर झऱ्याच्या पाण्याचा एक ओढा आहे. असं पाणी उन्हाळ्यात गार राहतं, हिवाळ्यात गोठत नाही. सॅल्मन आणि ट्राउट या माशांना ते मानवतं. पण गुरांनी काठ तुडवून ओढा उथळ, गाळाचा करून टाकला होता. तो सुधारायचं काम आमच्या कंपनीकडे होतं, आणि कंपनीत माझ्याकडे. आम्ही पात्र अरुंद केलं, काठाला विलोची झाडं लावली, तळाशी गोल गोटे टाकले. सॅल्मनची मादी शेपटीनं गोटे उकरून अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. या घरट्याला रेड म्हणतात. त्यातून पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात.

सप्टेंबरात पहिली जोडी आली. डोरोथीच्या नवऱ्यानं लहानपणी तिथे सॅल्मन पाहिले होते. तो आता नाही. त्याच्या वाटचं बघायला ती रोज काठावर खुर्ची टाकून बसायची.

मी पोचले तेव्हा झरा नुसता पाझरत होता. वास्तविक त्या वर्षी बर्फ चांगला पडला होता, म्हणजे झरा भरून वाहायला हवा होता.

"शेजारी कुणी नवी बोअर घेतली का?"

"नाही गं. वरचा कालवा तेवढा पाईपात घातलाय."

तो पाईप निखिलनं डिझाइन केला होता. नागपूरचा निखिल, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्ही रोज एकमेकांच्या डब्यातलं खातो.

"निखिल, तुझा कालवा डोरोथीच्या रँचच्या वरच्या अंगानं जायचा?"

"हो. सगळा गळका होता यार! आता थेंब वाया जात नाही." माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "नको सांगूस."

कालव्यातून मुरलेलं पाणीच खाली झरा होऊन निघत होतं.

आम्ही दोघं बॉस ग्रेगकडे गेलो.

"थोडं पाणी परत सोडता येईल?" मी विचारलं.

"कुठे सोडणार? कालवा बुजवलाय. वाचलेलं पाणी कायद्यानं नदीला दिलंय. माशांसाठीच."

"पण मासे इथे आलेत, ग्रेग!"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. माझ्या व्हिसासाठी हा माणूस धडपडला होता. त्याच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला. तो रागावलासुद्धा नाही.

अंडी उचलून दुसरीकडे न्यावीत, तर घातल्यानंतरच्या नाजूक दिवसांत ती हलवली की मरतात. पंप लावावा, तर परवानगी येईपर्यंत ओढा आटला असता. आटलाच.

शेवटी मी हातानं रेड उकरलं. जिवंत अंडं नारिंगी असतं. ही सगळी पांढरी होती.

डोरोथीनं खुर्ची मिटली. "तू मनापासून काम केलंस," ती म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओढा अजून आहे. काठ सुंदर, विलो उंच, गोटे कोरडे. आता कुठल्याही झऱ्याचं काम आलं की मी आधी वरच्या अंगाला चालत जाते. आणि निखिलच्या टेबलावरचं ड्रॉइंग बघते, डब्याच्या आधी.