व्यायामवाल्या बाई

"आधी उभे राहा. मग सांगा काय होतंय ते."

बाईंच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असं व्हायचं. खोलीत खुर्ची एकच, आणि ती कपाटावर चढवून ठेवलेली. कंबर धरून आलेला माणूस आधी खुर्ची शोधायचा, मग मान वर करून तिच्याकडे आशेने बघायचा, आणि बाई म्हणायच्या, "बघा, मान तर छान वळतेय तुमची." तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर आजारी पडायचीसुद्धा चोरी.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. पनवेलला, पळस्पे फाट्याच्या अलीकडे एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथला फिजिओथेरपीचा विभाग म्हणजे या बाई, आणि हाताखाली नुकतीच मुंबईहून शिकून आलेली मी. फिजिओथेरपी हा शब्द गावात कोणाला धड म्हणता येत नसे. लोक 'व्यायामवाल्या बाई' म्हणायचे. मी डिग्रीचा तोरा मिरवणारी, मला ते झोंबायचं. बाईंना आवडायचं. सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट अशा थाटात त्या बाजारातून निघाल्या की भाजीवाल्या तोंडाला पदर लावायच्या. बाई थांबून विचारायच्या, "संध्याकाळी टाचा दुखतात ना तुझ्या? माझ्या नाही दुखत. हस आता." पुढे त्यातल्या दोघी बूट कुठे मिळतात ते विचारायला दवाखान्यात आल्या होत्या.

दर हिवाळ्यात मुंबईच्या कॉलेजांतून शिकाऊ मुलंमुली आमच्याकडे यायची. त्यांना वॉर्डात उभं करून शिकवावं, अशी दवाखान्याची अपेक्षा. बाई त्यांना दुसऱ्याच दिवशी एसटीत घालून बाहेर काढायच्या. कधी दगडखाणीवर, कधी बंदरावर, कधी मिठागरात. "हृदय कुठे असतं ते तुम्हाला माहीत आहे. ते काय करतं ते बघायला चला." याला त्या दौरा म्हणत, आणि मोठे डॉक्टर त्याला सहल म्हणत. मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. हाताला गुण असलेले, शिस्तीचे, आणि आपला शब्द खाली पडू न देणारे.

पहिला धडा कर्नाळ्याचा. मुलं उड्या मारत किल्ला चढली, धापा टाकत वर पोचली, एकमेकांच्या नाड्या मोजल्या आणि उतरताना गाणी म्हणत आली. उतार म्हणजे आराम, असं सगळ्यांचं मत. बाईंनी एक दिवस मधे जाऊ दिला आणि मग सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, "आज संडासात कोणाकोणाला बसता आलं नाही?"

मुली लाल झाल्या, मुलं जमिनीकडे बघू लागली. मग एकेक करत जवळजवळ सगळे हात वर गेले. माझाही. मांड्या अशा भरून आल्या होत्या की खाली वाकायची सोय नव्हती.

"चढताना फक्त दम लागला, मांड्या मोडल्या त्या उतरताना. ताणत ताणत भार पेलला की स्नायू जास्त दुखावतो. पुस्तकात हे दोन ओळींत आहे, आता तुम्ही जन्मात विसरणार नाही. म्हाताऱ्याला जिना शिकवताना चढायचं कौतुक करता, उतरायचं कोण शिकवणार?" एवढं बोलून बाईंनी सगळ्यांना पुन्हा चालायला काढलं. त्या मुलांपैकी कोणी आज भेटलं की आधी त्या सकाळचीच आठवण निघते.

दुसरा धडा मिठागरातला. तो मात्र बाईंनाही नवा होता.

मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांची नाडी आणि रक्तदाब मोजायचा, असं ठरलं होतं. मुलं पांढरे कोट घालून बांधावर बसली. मोजमाप भलतंच येऊ लागलं. सावलीत बसून असलेल्या माणसांचंही काहीच्या बाही. मुलं यंत्राला दोष देऊ लागली. बाईंनी यंत्र सोडून माणसांकडे पाहिलं, आणि समोरच्या आजीला म्हणाल्या, "आजी, गाल का फुगवलेत?"

आजीने हाताने थांब अशी खूण केली. मुलीने तिचा दंड सोडला तेव्हा भस्सकन श्वास सोडून ती म्हणाली, "डाक्तर आला का सास रोखाचा. आमाला म्हायती हाय."

मग उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी क्षयाच्या तपासणीची एक्स-रे गाडी त्या गावांत फिरली होती. तेव्हा प्रत्येकाला 'श्वास रोखा, हलू नका' असं दरडावलं गेलं. तेव्हापासून पांढरा कोट दिसला आणि अंगाला हात लागला की माणसं छाती भरून, मुठी आवळून उभी राहत. त्यांच्या मते हे डॉक्टरांशी वागायचं नीट वळण होतं. मुलं हसून लोळली. बाईसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि हसता हसता एकदम माझ्याकडे वळल्या.

"गोमाकाका," त्या मला म्हणाल्या.

गोमाकाका बेलपाड्याचे, म्हणजे ती गाडी फिरलेल्या गावांतलेच. हृदयविकाराचा झटका येऊन आमच्याकडून बरे होऊन गेलेले. घरी सोडण्याआधी मोठ्या डॉक्टरांनी त्यांना लाकडी पायऱ्यांवर चढउतार करायला लावलं होतं. चार-दोन पायऱ्यांतच काकांचा रक्तदाब नको तिथे पोचला आणि घेरी आली. डॉक्टरांनी निकाल दिला की आता जन्मभर विश्रांती, अंथरुणातून उतरायचं नाही. आमच्याकडे तेव्हा बऱ्याच ठिकाणी अजून अशीच पद्धत होती. बाईंनी त्याच दिवशी भांडण काढलं होतं, पण हातात पुरावा नव्हता.

"मी तिथेच उभी होते," बाई म्हणाल्या. "कठडा घट्ट पकडला होता त्यांनी आणि गाल असेच फुगले होते. मला वाटलं घाबरलेत. श्वास कोंडून, मुठी आवळून पायरी चढलं तर तुझाही दाब चढेल आणि तुलाही घेरी येईल. ती परीक्षा हृदयाची झालीच नाही."

दौऱ्यातला पुढचा मुक्काम रद्द झाला. पांढरे कोट पिशवीत गेले आणि आम्ही बेलपाड्याला पोचलो.

काका ओटीवरच्या खाटेवर पडले होते. एके काळचा मिठागरातला नामी माणूस, आता पाय काठीसारखे झालेले. सून कौतुकाने सांगत होती, आमी कूस पन बदलू देत नाय. बाईंनी विचारलं, "काका, काय होतंय?" या माणसाला मात्र त्यांनी उभं राहायला सांगितलं नाही.

"होते काय? काय नाय होत," काका छताकडे बघत म्हणाले. "लोक बघाला येतान नि हलू बोलतान, मयताला आल्यावानी. बायको गेली तवा मी नाय रडलो, बाई. पोरानं मना उचलून मोरीत नेला, तवा रडलो."

बाईंच्या कपाळावरची शीर उडत होती.

दवाखान्यात परत आल्यावर बाई सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"त्याला काही झालं तर जबाबदार कोण?" डॉक्टर म्हणाले.

"मी. आणि काहीच झालं नाही, तो असाच म्हातारपणभर पडून राहिला, तर त्याला जबाबदार कोण?"

"त्या माणसाला चालवायचं नाही. चालवलंत तर तुमचा विभाग बंद. हे शेवटचं."

"बरं," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये. जिभेखाली ठेवायची गोळी घे. आणि साधे कपडे घाल."

काकांना सगळं समजावून सांगितलं. धोका काय, डॉक्टरांचा हुकूम काय, सगळं. मुलाचा जीव वरखाली होत होता. काका म्हणाले, "मना ईचारतंय ना? मी चालनार." खाटेवरून उठणं, ओटीवर फिरणं, अंगणात फेरी, असं दिवसामागून दिवस हळूहळू वाढवत एके सकाळी आम्ही त्यांना खाडीच्या बांधावर नेलं. बांधात पाणी आतबाहेर सोडायला दरवाजा असतो, तिकडे त्याला उघाडी म्हणतात. तिथपर्यंत जायचं ठरलं.

बाईंची अट एकच होती. "चालताना बोलत राहायचं. तोंड बंद झालं की मी थांबवणार."

"बोलू काय?"

"शिव्या द्या."

काका बघतच राहिले. मग सुरू झाले. जमिनी घेणाऱ्या सरकारपासून सुरुवात केली, मग जमिनी विकून मोटारसायकली घेणारी भाऊबंदकी, मग मुलगा, मग सून, मग मोठे डॉक्टर. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही, हे बाईंचं साधं गणित. आवाज तुटायला लागला की बाई हात वर करायच्या, सगळे थांबायचे, मी नाडी बघायची आणि परत शिव्या सुरू व्हायच्या. माझ्या मुठीत गोळीची पट्टी घामाने भिजली होती. इतकी घाबरले होते मी, की मनात देवाचं नाव आणि कानात काकांची मुक्ताफळं, दोन्ही एकदम चाललं होतं.

उघाडी आली. सोबतच्या शिकाऊ मुलांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. चाललेल्या माणसाचा असावा तसाच होता. कोणी टाळ्या वाजवायच्या आत काका म्हणाले, "तुमी हितंच थांबा. कोनी येव नका."

आणि ते एकटे बांधाच्या पलीकडे लघवीला गेले. काकांचा मुलगा धावणार होता, बाईंनी त्याचा दंड धरला. "आपण सगळे खाडी बघू या," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे पाठ फिरवून खाडीकडे बघत उभे राहिलो. काका धोतर सावरत परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. मला रडू आलं. मुलगा तर उघडच रडत होता.

अशी बातमी लपत नाही, आणि बाईंना ती लपवायचीही नव्हती. काही आठवड्यांनी त्या स्वतःच काकांना दवाखान्यात घेऊन आल्या आणि मोठ्या डॉक्टरांसमोर त्यांना जिना चढायला लावला. काका शिव्या गिळून पिकापाण्याबद्दल मोठमोठ्याने बोलत वर गेले आणि खाली आले. डॉक्टरांनी स्वतः तपासलं. लबाड नव्हते ते. "प्रकृती उत्तम आहे," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पण हुकूम मोडला होता. ट्रस्टची माणसं जमली आणि बाईंनी माफी मागावी, प्रकरण मिटेल, असं ठरलं.

"माफी कशाची?" बाईंनी विचारलं. "माणूस उभा राहिला त्याची?"

मी त्यांना बाहेर गाठून म्हटलं, बाई, एक शब्द टाका, विभाग वाचेल. एव्हाना झटका येऊन गेलेले, दम्याचे, गुडघ्यांचे असे कितीतरी लोक रोज सकाळी त्यांच्यामागे आवारात चालायला येत होते. त्यांचं काय, असंही विचारलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी माफी मागितली की त्या प्रत्येकाला वाटेल, चालणं हा गुन्हा होता."

बाईंनी माफी मागितली नाही, निरोपसमारंभही झाला नाही. बाई कोणाला न सांगता गेल्या. विदर्भात कुठेतरी गेल्या, असं नंतर कानावर आलं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर विभागाला कुलूप, आणि आवारात नेहमीची सगळी मंडळी उभी. शिपाई सांगत होता, "बाई गेल्या, व्यायाम बंद, घरी जा." काही जण खरंच परत फिरायला लागले. एक आजोबा माझ्याकडे बघत होते.

गोमाकाका गर्दीतून पुढे आले. बेलपाड्याहून ते पहिल्या एसटीने आले होते.

"बाई नाय तं नाय," ते शिपायावर ओरडले. "पाय हायत ना आमचे? त्यांना टाळा लावशील काय?"

मग वळून सगळ्यांना म्हणाले, "चला रं. नि बोलत चला. गप कोनी ऱ्हायचा नाय."

वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांची खिडकी उघडली. कोणी वर पाहिलं नाही. मोठमोठ्याने बोलत ती सगळी माणसं फाटकातून बाहेर पडली आणि पळस्प्याच्या रस्त्याला लागली. मी पर्स शिपायाच्या हातात दिली आणि त्यांच्यामागे गेले.